स्वार्थी जोडीदाराला निरोप देणाऱ्या गाण्याचा अर्थ लावताना नेमकं काय पाहायचं?

श्रोती

नातं तुटल्यावर ताठ मानेनं उभं राहण्याची जी गाणी असतात, त्यांतल्या एकाचा अर्थ आमच्या ऐकणाऱ्यांच्या गटात उलगडून सांगायचा आहे. साचा सगळ्यांच्या ओळखीचा. तो फक्त स्वतःपुरतं पाहणारा, गरज पडली की आठवण काढणारा. ती त्याला एकदाचं सुनावते आणि म्हणते, तुझ्यावाचून माझं काही अडत नाही. (तो आणि ती सोयीसाठी, उलटही असू शकतं.) अर्थ वरवर पाहता दोन वाक्यांत संपतो. तरी तेच गाणं कुणाला सुडाचं वाटतं, कुणाला सुटकेचं, कुणाला उसन्या अवसानाचं.

मला तीन गोष्टी कळून घ्यायच्या आहेत. ती खरंच सावरली आहे की स्वतःची समजूत घालते आहे, हे गाण्यातूनच ठरवता येतं का? अशा गाण्यांच्या सुरावटी बऱ्याचदा उदास अंगाच्या असतात, मग त्यांतून बळ कसं मिळतं? आणि हे गाणं प्रत्यक्षात कुणावर आहे हे शोधलं तर अर्थ उलगडतो का?

शब्दवेध

पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्याचं उत्तर कागदावर काढता येतं.

गाण्याचे शब्द छापून घ्या, पण छापण्याआधी एकदा ऐकत ऐकत तपासा. नेटवरच्या शब्दांत चुका असतात आणि एखादं 'नाही' गळलं की अख्खं कडवं उलटतं. मग प्रत्येक वाक्यातलं क्रियापद शोधा आणि ती क्रिया कोण करतंय ते समासात लिहा: 'तू' किंवा 'मी'. कडव्यागणिक मोजणी करा. जमून आलेल्या गाण्यात पहिल्या कडव्यात 'तू' भरपूर सापडतो. तू गेलास, तू विसरलास, तू मागितलंस. ध्रुवपदात 'मी' येते. दुसऱ्या कडव्यात 'तू' असतो, पण आता त्याच्या बाबतीत काहीतरी घडत असतं, तो स्वतः फारसं काही करत नसतो. शेवटाकडे तो वाक्यातून जवळजवळ निघून गेलेला असतो. हा प्रवास दिसला तर गाणं सुटकेचं आहे. शेवटच्या ध्रुवपदातही सगळी वाक्यं 'तू'नेच चालत असतील, तर शब्द कितीही ठणकावून सांगोत, ती अजून त्याच्याच हिशेबात अडकलेली आहे.

दुसरी खूण काळाची. 'सावरले' हा अहवाल आहे, 'सावरेन' ही शपथ आहे. शपथ घ्यावी लागते तेव्हा गोष्ट अजून घडायची असते. या जातीचं सर्वांत प्रसिद्ध गाणं, ग्लोरिया गेनरचं १९७८ चं 'आय विल सर्व्हाइव्ह' (मी जगेन), शीर्षकापासूनच भविष्यकाळात आहे. ते लक्ष देऊन ऐका, एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटलेली असते. हा निरोपाचा प्रसंगच नाही. निरोप आधीच झाला आहे, आणि सोडून गेला तो. ती घाबरली होती, रात्री झुरत काढल्या, हे सगळं भूतकाळात सांगून होतं. गाणं जिथे घडतं तो क्षण त्याच्या परत येण्याचा आहे. न सांगता तो घरात येऊन उभा राहतो, आणि तिची पहिली चिडचिड स्वतःवर आहे: कुलूप बदलायला हवं होतं, किल्ली परत मागायला हवी होती. म्हणजे या गाण्यातली ताकद 'मी तुला सोडलं' यात नाहीच. सोडून जाणाऱ्याला परत आत न घेणं, एवढीच तिच्या हातात असलेली गोष्ट ती ठामपणे करते. म्हणून ती शपथ खरी वाटते. समोर मोह उभा असताना घेतलेली आहे ती.

तिसरं, स्वार्थाचा पुरावा. 'तू स्वार्थी आहेस' हे वाक्य गाण्यात काही सिद्ध करत नाही. विशेषणं खोडा आणि उरलेल्या कृती पाहा. स्वार्थ हा क्रौर्याहून किंवा फसवणुकीहून वेगळा दोष आहे, त्याची लक्षणंही वेगळी: तो विचारपूस करत नाही, तिच्या बातमीत स्वतःची बातमी मिसळतो, माफी मागतानाही स्वतःचाच त्रास सांगतो, एकटं वाटलं की परततो. यांतल्या दोन-तीन ठोस गोष्टी पहिल्या कडव्यात असतील तर ध्रुवपदाला आधार मिळतो. नुसत्या शिव्या असतील तर ऐकणाऱ्याला बाजू घ्यायला काही कारणच उरत नाही.

कोमल निषाद

शब्दवेध यांच्या शपथेच्या मुद्द्याला सुरांतून पुरावा देते, त्यातच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

'आय विल सर्व्हाइव्ह'मध्ये आठ मात्राखंडांचं एकच कॉर्डचक्र आहे (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले स्वर; मायनर उदास वाटतो, मेजर उजळ) आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच फिरतं: ए मायनर, डी मायनर, जी, सी, एफ, बी हाफ डिमिनिश्ड, मग ई सस्पेंडेड आणि ई. कडव्यालाही तेच, ध्रुवपदालाही तेच. मूळ ध्वनिमुद्रणाची लय मिनिटाला साधारण ११७ ठोके आहे, म्हणजे एक फेरी १६-१७ सेकंदांत पूर्ण होते. प्रत्येक कॉर्डचा पाया आधीच्या पायापासून चौथ्या स्वरावर जातो. एफ ते बी ही उडी थोडी वाकडी आहे, बाकीच्या सरळ. अशा चढणीत प्रत्येक कॉर्ड पुढच्याला ओढतो, थांबायला जागाच मिळत नाही. मधे सी येतो तेव्हा क्षणभर उजळल्यासारखं होतं. मग बी वर अंधारून येतं, ई वर ताण टिपेला जातो आणि ए मायनरवर सुटतो. दुःखातून निघून, उजेड पाहून, पुन्हा त्याच दुःखावर येणं, पण सुरुवातीपेक्षा मोठ्या वाद्यवृंदासह. परिस्थिती तीच आहे, ती पेलण्याची ताकद वाढते आहे. हे शब्दांत सांगायला कडवी लागली असती.

आता 'उदास सुरावट असून बळ का' हे. मायनर सुरावट आणि संथ लय एकत्र आली तर विलाप होतो. तीच सुरावट ११० ते १२५ च्या लयीत, प्रत्येक ठोक्यावर बास ड्रम ठेवून वाजवली की शरीर चालायला लागतं. मन दुखरं, पाय ठाम, असे दोन संदेश एकाच वेळी जातात आणि ऐकणाऱ्याला दोन्ही खरे वाटतात. हीच चाल मेजरमध्ये नेऊन पाहा. गाणं आनंदी होतं, पण सावरण्याचा अर्थ नाहीसा होतो, कारण सावरायला काही उरलेलंच नसतं.

सुरुवातही ऐका. पहिल्या ओळी पियानोवर, जवळजवळ ठेक्याविना आहेत. भीतीची कबुली असेपर्यंत खाली जमीन नाही. ठेका नंतर येतो.

कुठलंही दुसरं गाणं घ्याल तर या जागा तपासा:

कडव्यातून ध्रुवपदात जाताना चाल किती वर उडी घेते आणि स्वर किती लांबतात. कडवं बोलल्यासारखं, छोट्या स्वरांचं, खालच्या पट्टीत असतं. ध्रुवपद चार-सहा स्वर वर जाऊन मोकळ्या 'आ', 'ओ' वर थांबतं. जिथे सर्वांत उंच आणि लांब स्वर आहे त्याखालचा शब्द लिहून काढा. संगीतकारानं गाण्याचा अर्थ तिथे ठेवलेला असतो. तो शब्द 'तू' आहे की 'मी' आहे की क्रियापद आहे, यावरून बरंच कळतं.

ध्रुवपदात तिचाच आवाज दोन-तीन थरांत येतो का? कडव्यात एकटी, ध्रुवपदात अनेक. हा थर शेवटच्या ध्रुवपदासाठीच राखून ठेवला असेल तर परिणाम दुप्पट होतो.

शेवटच्या ध्रुवपदाआधी वाद्यं थांबतात का? एका खंडाची शांतता आणि मग सगळं एकदम, ही जागा निर्णयाची असते. नुसती पट्टी एक स्वर वर नेऊन जोश आणला असेल तर तो बाहेरून आणलेला असतो. मला ती युक्ती स्वस्त वाटते.

चौथा अंतरा

तिसऱ्या प्रश्नावर माझं स्पष्ट मत: शोधाशोध मजेची असते, पण अर्थाच्या कामाची क्वचितच.

'आय विल सर्व्हाइव्ह'च पाहा. गेनरनं ते लिहिलेलं नाही. डिनो फेकारिस आणि फ्रेडी पेरेन या दोन पुरुषांनी लिहिलं. फेकारिस यांनी सांगितल्याप्रमाणे त्यामागची प्रेरणा मोटाउन या संगीत कंपनीतली नोकरी जाण्याची होती. गेनरनं ते गायलं तेव्हा ती पाठीच्या शस्त्रक्रियेतून सावरत होती. म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनात नोकरी, गाणाऱ्या बाईच्या अंगात वेदना, आणि ऐकणाऱ्याला प्रियकर. तीनही अर्थ त्या शब्दांत बसतात, कारण शब्दांना फक्त एवढंच हवं आहे: कुणीतरी सोडून गेलं आणि मी उभी राहिले. वर कंपनीनं हे गाणं तबकडीच्या दुसऱ्या बाजूला टाकलं होतं. पहिली बाजू वेगळ्याच गाण्याला दिली होती. डिस्कोतल्या डीजेंनी तबकडी उलटून वाजवली आणि १९७९ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

उलटं उदाहरण कार्ली सायमनचं, १९७२ चं 'यू आर सो व्हेन'. आत्ममग्न पुरुषावरचं इतकं नेमकं गाणं दुसरं सांगता येणार नाही. ते कुणावर आहे याचा शोध चाळीसहून अधिक वर्षं चालला. २०१५ मध्ये तिनं सांगितलं की दुसरं कडवं वॉरन बेटी या अभिनेत्यावर आहे आणि बाकीची कडवी दुसऱ्यांवर. हे कळल्यावर गाण्यात काय बदललं? काहीच नाही, कारण गाण्याचा सापळा आधीपासून शब्दांत आहे. ध्रुवपदात ती त्याला म्हणते, तुला वाटत असेल हे गाणं तुझ्यावरच आहे. त्याला तसं वाटलं तर तो आत्ममग्न ठरतो, आणि गाणं खरोखर त्याच्यावरच असल्यानं त्याचं म्हणणं बरोबरही ठरतं. त्याला सुटायला वाटच नाही. शिवाय कडवी वेगवेगळ्या माणसांची असूनही आपल्याला एकच माणूस दिसतो, याचा अर्थ स्वार्थाचं वर्णन माणसाच्या नावावर नव्हे, वागण्याच्या तपशिलावर उभं असतं: आरशात एक नजर ठेवून वावरणं, टोपी मुद्दाम तिरपी घालणं.

तेव्हा 'खरा तो कोण' याला पाच टक्के वेळ द्या.

श्रोती

खूपच उपयोगी, सगळ्यांचे आभार. परत येणाऱ्या माणसाचा मुद्दा मी कधी ऐकलाच नव्हता. दोन उपप्रश्न. ज्या गाण्यात आरोपच नाहीत, ती फक्त स्वतःबद्दल बोलते, त्यात समोरचा स्वार्थी होता हे आपण कशावरून म्हणायचं? आणि उलट, ज्यात नुसता राग आहे ते गाणं बळ देणारं मानायचं की नाही?

शब्दवेध

पहिल्याचं उत्तर: रिकाम्या जागेवरून. मायली सायरसचं २०२३ चं 'फ्लॉवर्स' घ्या. त्यात त्याच्या चुकांची यादी जवळपास नाहीच, उलट ती माफ करून मोकळी होते. ध्रुवपदात ती स्वतः स्वतःसाठी काय करू शकते ते सांगते: फुलं आणणं, नाचायला नेणं, स्वतःचा हात धरणं, तासन्‌तास स्वतःशी बोलणं. प्रत्येक गोष्ट दुसऱ्यानं करायची असते. ती तिनं स्वतः करायची ठरवली, म्हणजे ती कुणी करत नव्हतं. आरोप न करता झालेला हा आरोप आहे. त्यात आणखी एक पदर असा की ब्रूनो मार्सच्या २०१२ च्या 'व्हेन आय वॉज युअर मॅन'मध्ये एक पुरुष नेमक्या याच गोष्टींचा पश्चात्ताप करतो: फुलं आणायला हवी होती, हात धरायला हवा होता, वेळ द्यायला हवा होता, तिला नाचायला न्यायला हवं होतं. दोन गाणी शेजारी ठेवून ऐकली की सायरसचं गाणं मार्सच्या गाण्याला उत्तर दिल्यासारखं वाजतं. त्याची उशिरा आलेली जाग तिला आता नको आहे.

माझ्या वरच्या काळाच्या कसोटीवरही हे गाणं पाहा. तिथे 'जगेन' होतं, इथे 'मला करता येतं' आहे. भविष्यकाळातून सामर्थ्यावर.

कोमल निषाद

आणि पहिले चार कॉर्ड गेनरच्या गाण्यातलेच आहेत! ए मायनर, डी मायनर, जी, सी. लयही जवळपास तीच, मिनिटाला ११८. गटात दोन्ही सुरुवाती एकापाठोपाठ वाजवा, कुणाला काही समजावून सांगावं लागणार नाही. फरक गळ्यात आहे. गेनर पूर्ण ताकदीनं, दारात उभं राहून बोलल्यासारखी गाते. सायरस खालच्या पट्टीत, जाड आणि सैल आवाजात, घाई न करता सुरू करते. पहिलीला समोर कुणीतरी आहे. दुसरीच्या खोलीत कुणी नाही, आणि तिला ते चालतंय.

उंबरठा

रागाच्या प्रश्नावर मला थोडा वेगळा सूर लावायचा आहे. 'सक्षम करणारं गाणं' हा शिक्का आपण फार लवकर मारतो.

अशा गाण्यात साक्षीदार एकच असतो आणि तोच फिर्यादी. समोरच्याला बोलायची संधी नाही. म्हणून तिनं सांगितलेलं सगळं खरं धरण्याआधी एक ओळ शोधा, जिथे ती स्वतःचा वाटा कबूल करते: मला दिसत होतं तरी मी थांबले, मीच किल्ली दिली, मीच कारणं शोधून दिली. ही ओळ असेल तर तिच्या बाकीच्या साक्षीवर विश्वास बसतो, आणि दुसरं म्हणजे तिथेच सुटकेची किल्ली असते. सगळा दोष त्याचा असेल तर सगळा बदलही त्यालाच करावा लागेल. वाटा कबूल केला की तेवढ्या भागावर ताबा आपला.

नुसत्या रागाचं गाणं वाईट असं मी म्हणत नाही. ज्याला वर्षानुवर्षं 'तूच फार अपेक्षा ठेवतेस' असं ऐकवलं गेलं आहे, त्याला 'नाही, हे चूकच होतं' एवढं मोठ्यानं म्हणता येणं हीच पहिली पायरी असते. स्वार्थी माणसासोबत राहिलेल्याचा सर्वांत मोठा तोटा हाच होतो की स्वतःच्या तक्रारीवरचा विश्वास उडतो. राग तो परत मिळवून देतो. पण त्या गाण्याचा अर्थ 'मी सावरले' असा सांगू नका. 'माझं दुखणं खरं होतं' असा सांगा. हे दोन वेगळे अर्थ आहेत आणि ऐकणाऱ्याला वेगवेगळ्या दिवशी लागतात.

सूड आणि सुटका ओळखायला एक सोपी परीक्षा: त्यानं हे गाणं कधीच ऐकलं नाही तर गाण्याचं काही अडतं का? तो जळावा, पस्तावावा, मला सुखी पाहून त्याला झोप येऊ नये, अशा ओळींना त्याचे कान लागतात. त्या सूडाकडे झुकतात. कुलूप बदलायला त्याच्या परवानगीची गरज नसते.

चौथा अंतरा

उंबरठा यांची परीक्षा आवडली, पण 'यू आर सो व्हेन' तिच्यात नापास होईल. त्या गाण्याला त्याचे कान हवेतच, सापळाच तसा आहे. तरी ते मला दुबळं वाटत नाही. विनोदानं पाहता येणं हीसुद्धा सुटकाच असते.

उंबरठा

मान्य. तिथे ती त्याच्याकडे वरून पाहते आहे, खालून नाही. परीक्षेला हा अपवाद जोडून घ्या.

गळा आणि श्वास

गटात गाणं म्हणूनही दाखवणार असाल तर थोडं.

अर्थ बिघडतो तो बहुतेकदा पहिल्या ध्रुवपदात. गाणारी तिथेच पूर्ण ताकद लावते, मग तिसऱ्या वेळी फक्त ओरडणं उरतं आणि सावरण्याचं गाणं भांडणाचं होतं. पहिलं ध्रुवपद आपल्या ताकदीच्या साठ टक्क्यांत ठेवा, दुसरं ऐंशीत. पहिलं कडवं शक्यतो बोलण्याच्या आवाजात, शब्दांच्या शेवटची व्यंजनं स्पष्ट, कंप अजिबात नको.

पट्टी ठरवताना ध्रुवपदातला सर्वांत उंच स्वर तुमच्या छातीच्या आवाजाच्या कमाल मर्यादेपेक्षा निदान दोन अर्धस्वर खाली यायला हवा. मूळ पट्टीचा हट्ट धरू नका. घसा आवळून काढलेला उंच स्वर घाबरल्यासारखा ऐकू येतो, म्हणजे अर्थाच्या नेमका उलट. त्या स्वराआधीच्या ओळीत श्वास कुठे घ्यायचा ते कागदावर खूण करून ठेवा. श्वास कमी पडला की वाक्याचं शेवटचं क्रियापद गिळलं जातं, आणि शब्दवेध म्हणतात तसं सगळा अर्थ त्या क्रियापदावर आहे.

रडवेला सूर एकदाच चालतो, भूतकाळाच्या ओळीवर. निर्णयाच्या ओळीवर आवाज सरळ ठेवा.

श्रोती

शेवटचं विचारते: बोलायला पंधरा मिनिटं आहेत. क्रम काय ठेवू?

शब्दवेध

आधी गाणं पूर्ण ऐकवा, काही न सांगता. मग लगेच विचारा, 'कोण कुणाला सोडून गेलं?' गेनरचं गाणं असेल तर उत्तरं वेगवेगळी येतील आणि तुमचं काम सोपं होईल. त्यानंतर तू-मीची मोजणी फळ्यावर, सगळ्यांकडून करून घ्या. दोन कडवी पुरेत. कॉर्डचं चक्र सांगण्यापेक्षा कोमल निषाद यांनी सुचवल्याप्रमाणे दोन सुरुवाती वाजवा. स्वतःचा वाटा कबूल करणारी ओळ शोधायचं काम त्यांच्यावर सोडा, आणि 'कुणावर लिहिलंय' हा प्रश्न कुणी विचारलाच तर फेकारिस यांच्या नोकरीची गोष्ट सांगा. वेळ उरला तर गाणं पुन्हा लावा, या वेळी शब्द हातात देऊन.